मेणाची चकती, रबराचं कडं : युद्धकाळातली घरगुती खेळणी पुन्हा करताना

४ फेब्रुवारी

काम पक्कं झालं. मुलांच्या वाचनालयांत फिरवायची एक पेटी तयार करायची आहे. आत दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत घरोघरी बनलेली खेळणी, नव्यानं केलेली. काचेमागे काहीच ठेवायचं नाही. मुलांनी उचलायचं, खेळायचं, मोडलं तर पेटीतल्याच सामानानं नीट करायचं. म्हणून पहिली अट चालण्याची. दिसायला हुबेहूब पण जागचं हलत नाही, असं खेळणं या पेटीत घेणार नाही.

दुसरी अट सामानाची : वापरून संपलेल्या, फाटलेल्या, उरलेल्या वस्तूच वापरायच्या. तिसरी अट माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाची. प्रत्येक खेळण्यासोबत एक कार्ड, आणि त्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर : यातली वस्तू खेळण्यात गेली नसती, तर कुठे गेली असती? अशा खेळण्यांकडे आपण टाकाऊतून टिकाऊ म्हणून बघतो. पण त्या घरांत टाकाऊ असं जवळपास काही उरलंच नव्हतं. बटण, दोरी, मेण, रबर, सगळ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क होता. तरी कुणीतरी ते मुलाच्या हातात दिलं. पेटी उघडणाऱ्याला हे देणं दिसलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

दुकानातली खेळणी नाहीशी कशी झाली ते आधी वाचून काढलं. त्याशिवाय कार्डं लिहिता येणार नाहीत.

ब्रिटनमध्ये १९४२ च्या आरंभापासून खेळण्यांसाठी धातू वापरायला बंदी आली. मेकॅनो हा धातूच्या पट्ट्या जोडायचा खेळ आणि हॉर्नबीच्या खेळण्यातल्या आगगाड्या बनवणारा कारखाना युद्धसामग्रीकडे वळला. अमेरिकेतही त्याच वर्षी धातूच्या खेळण्यांवर निर्बंध आले. लायोनेल कंपनी विजेवर धावणाऱ्या छोट्या आगगाड्या करायची. ती नौदलासाठी होकायंत्रं करू लागली. १९४३ मध्ये तिनं खेळणं म्हणून विकायला काढली ती पुठ्ठ्याची आगगाडी. दोनशेहून जास्त तुकडे सुटे करायचे, दुमडायचे, एकमेकांत अडकवायचे. जोडणी इतकी किचकट की मोठ्या माणसांनाही ती धड जमायची नाही.

कापडाचं रेशनिंग ब्रिटनमध्ये १ जून १९४१ ला सुरू झालं आणि मार्च १९४९ पर्यंत चाललं. विणायची लोकरही कुपनावर मिळायची. १९४१ साली जन्मलेल्या मुलीचं बाहुल्या खेळण्याचं सगळं वय या कुपनांत गेलं. युद्ध संपलं म्हणून टंचाई संपली नाही, हे पेटीच्या झाकणावरच्या मजकुरात यायला हवं.

आकाराचंही बघायचं आहे. १ सप्टेंबर १९३९ पासून पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना ब्रिटिश शहरांतून गावांकडे हलवलं. त्यांत मुलंच जास्त होती. हातात एखादी पिशवी आणि खांद्याला अडकवलेला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा, एवढ्यावर ती निघाली. तेव्हा पेटीत एक तरी खेळणं खिशात मावणारं हवंच.

१५ फेब्रुवारी

लाकडी रिळं मिळाली. आता रीळ म्हटलं की प्लॅस्टिक, पण जुन्या शिलाई मशीनच्या खणांत लाकडी अजून निघतात. एका मैत्रिणीनं तिच्या आईच्या खणातली ओंजळभर आणून दिली. काहींवर थोडा दोरा शिल्लक होता, ती बाजूला ठेवली. रीळ रिकामं होतं ते शिवून शिवूनच. तेव्हाच्या मुलाला आईचा दोरा संपायची वाट बघावी लागायची, आणि कुपनांच्या दिवसांत दोरा जपूनच वापरला जायचा.

पहिलं खेळणं रिळाचा रणगाडा. रचना साधी आहे. रिळाच्या भोकातून रबराचं कडं ओवायचं. एका बाजूला कड्यात आगकाडीचा तुकडा अडकवायचा. तो फिरू नये म्हणून दोन बारीक खिळ्यांमध्ये पक्का करायचा. दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची भोक असलेली चकती आणि चकतीच्या बाहेर कड्यात घातलेली लांब काडी. काडी फिरवून पीळ भरायचा आणि रीळ जमिनीवर सोडायचं. काडीचं लांब टोक जमिनीला टेकतं, त्यामुळे ती फिरू शकत नाही. मग पीळ रिळालाच फिरवतो आणि रणगाडा काडी मागे ओढत पुढे सरकतो.

१७ फेब्रुवारी

सगळा दिवस मेणाच्या चकतीत गेला आणि तो सार्थकी लागला.

चकती काढून बघितली. काडी थेट लाकडावर टेकली की रबराचा ताण तिला रिळावर दाबून धरतो आणि पीळ सुटतच नाही. जोरानं ढकललं तर एकदम सुटतो, रीळ जागच्या जागी उडी मारतं आणि खेळ खलास. मेण मध्ये आलं की लाकूड त्यावरून बेताबेतानं घसरतं. पीळ सावकाश उलगडतो, म्हणून रणगाडा सावकाश चालतो. वेग ठरतो तो मेणामुळे.

कापण्याची रीत : गार मेणबत्तीवर सुरी दाबली की चकती तडकते. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची आणि न दाबता, मागे-पुढे ओढत कापायची. वात खेचून काढली की भोक आपोआप तयार. दाभण गरम करून ते थोडं मोठं करायचं. बाहेरच्या अंगाला काडी बसेल एवढी खाच कोरायची. जाडी ७ मिलिमीटरच्या आसपास हवी. त्याहून पातळ चकती ताणाखाली मधोमध चिरते.

मग त्याच मेणबत्तीवर ७ मिलिमीटरची खूण करून ती पेटवून ठेवली. ज्योत खुणेपर्यंत यायला पाव तासाहून थोडा जास्त वेळ लागला. कार्डावर हेच लिहिलं : ‘ही चकती म्हणजे विमानहल्ल्याच्या रात्री पाव तासाचा उजेड.’ आजवरच्या कार्डांत मला हे सगळ्यांत खरं वाटतं.

२३ फेब्रुवारी

रबर.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे आडवे काप घेतले की तयार कडी मिळतात. रुंदी ३-४ मिलिमीटर. पण आजच्या काळ्या ट्यूबचं कडं ढिम्म आहे. पीळ घेतं, पण परत देताना आळस करतं. रणगाडा दोन वीत चालून थांबतो. कारण ट्यूबच्या रबरातच आहे. हल्लीच्या बहुतेक ट्यूब ब्यूटाइल रबराच्या असतात. हे कृत्रिम रबर अमेरिकेत १९३७ साली शोधलं गेलं आणि युद्धकाळात त्याचं उत्पादन सुरू झालं. हवा धरून ठेवण्यात ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी सरस, पण उसळी कमी. ताणताना दिलेली बरीचशी शक्ती ते आतल्या आतच जिरवतं.

शर्यतीच्या सायकली चालवणारे काही जण अजून लॅटेक्सच्या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या ट्यूब वापरतात. तशी एक पंक्चर झालेली मागून आणली. तिचं कडं घातल्यावर तोच रणगाडा खोली ओलांडून गेला. रीळ तेच, चकती तीच, फक्त कडं बदललं.

रबराची टंचाई का झाली तेही इथेच जोडून लिहिते. जगातल्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे ९० टक्के आग्नेय आशियातल्या मळ्यांतून यायचं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मलाया आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) जपानच्या ताब्यात गेले आणि दोस्त राष्ट्रांचा रबराचा मोठा झरा एकाएकी आटला. जून १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अमेरिकनांना जुने टायर, रेनकोट, बागेतल्या नळ्या जमा करायला सांगितलं. पौंडाला एक सेंट मिळायचा. तिथल्या गलोल खेळणाऱ्या मुलांना युद्धाआधीच्या लाल ट्यूबचा तुकडा फार मोलाचा वाटायचा, कारण नव्या कृत्रिम रबराची गलोल लांब मारायची नाही. साध्या कड्यासाठी दोन ट्यूब तपासल्यावर त्या मुलांचं म्हणणं मला हाताला कळलं.

कार्ड : ‘हे कडं टायरच्या ठिगळात गेलं असतं.’

२ मार्च

रिळाच्या दोन्ही कडांवर तिकोनी कानसीनं खाचा पाडल्या. सपाट फरशीवर फरक दिसत नाही, पुस्तकाच्या कडेपाशी दिसतो. खाचांचं रीळ चढतं, बिनखाचांचं तिथेच घासत राहतं.

भाची बघत बसली होती. ‘मावशी, हा एवढा हळू का चालतो?’ पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, १९१६ साली, पहिल्यांदा उतरलेले रणगाडे ताशी जेमतेम ६ किलोमीटर चालायचे, तेही सपाट जमिनीवर, असं तिला सांगितलं. तिनं पुस्तकं रचून चढण केली, मध्ये रुमालाचा खड्डा केला, आणि जेवायला हाक मारली तरी उठली नाही. हळूपणामुळेच हा खेळ होतो. रणगाडा पुढे सरकत असताना त्याच्यासमोर जग रचायला वेळ मिळतो. वेगवान चावीची गाडी असा वेळ देत नाही.

८ मार्च

बटणाची भिंगरी. खिशातलं खेळणं म्हणून हीच निवडली. मोठं बटण, समोरासमोरच्या दोन भोकांतून ओवलेल्या दोऱ्याचं वेटोळं, दोन्ही हातांत एकेक टोक. गरगर फिरवून पीळ भरायचा, ओढायचं, सैल सोडायचं. ओढलं की पीळ सुटतो आणि बटण फिरतं, सैल सोडलं की बटण स्वतःच्या जोरावर उलटा पीळ भरून घेतं. ही लय साधली की भिंगरी घूं-घूं करते आणि बोटांना झिणझिण्या येतात.

कोटाचं जड बटण सदऱ्याच्या बटणापेक्षा जास्त वेळ फिरतं. दोरा सुती असेल तर भोकाच्या कडेला झिजून तुटतो. भोकांच्या कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या आणि दोरा मेणातून ओढून घेतला. त्यासाठी रणगाड्याच्या चकतीचे तुकडे कामी आले.

२०१७ मध्ये स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश यांच्या गटानं याच तत्त्वावर कागदाचं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून द्रवातले घटक वेगळे करणारं साधन, केलं. मिनिटाला १ लाख २५ हजार फेरे. वीज नसलेल्या ठिकाणी रक्तातला प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा करता येतो. कार्डाच्या मागच्या बाजूला हे घालते आहे. खिशातल्या बटणात किती ताकद आहे, हे मुलांना माहीत असावं.

युद्धकाळात जुना कपडा चिंध्यांत देण्याआधी त्याची बटणं काढून डब्यात ठेवायची रीत घरोघरी होती. तेव्हा बटणाचं दुसरं ठिकाण उघड आहे : पुढचा सदरा. भिंगरी खेळून झाली की बटण परतही देता यायचं. सगळ्या पेटीत उसनं घेता येईल असं हे एकच खेळणं आहे.

१९ मार्च

चिंध्यांचा चेंडू. गाभ्याला मोज्याचा गोळा, वर कापडाच्या पट्ट्या ताणून गुंडाळलेल्या, शेवटी दाभणानं जाळीसारखे टाके. ओढून बांधला नाही तर दोन दिवसांत चपटा होतो. पट्ट्या किंचित ओल्या करून गुंडाळल्या आणि वाळू दिल्या की घट्ट बसतात.

शेजारच्या मुलांना खेळायला दिला. त्यांनी आधी तो जमिनीवर आपटला, टप्पा आलाच नाही. काही वेळ हिरमुसली, मग खेळ बदलला. टप्पा नाही म्हणजे चेंडू पडतो तिथेच राहतो, म्हणून नेम धरण्याचे खेळ सुरू झाले. खडूच्या चौकोनात टाकायचा, दुसऱ्याच्या चेंडूला चिकटवून ठेवायचा. खिडकीची काच फुटायची भीती नाही म्हणून घरातही चालला. युद्धकाळातल्या मुलांच्या खेळांकडे ‘रबरी चेंडू नव्हता म्हणून बिचारी चिंध्यांशी खेळली’ असं बघणं मला पटत नाही. चेंडू वेगळा, म्हणून खेळच वेगळा झाला. मात्र पावसात हा चेंडू दगडाइतका जड होतो आणि वाळायला दिवस घेतो. तेही कार्डावर लिहिलं.

२८ मार्च

बाहुली मैत्रिणीनं केली, मी फक्त धड तासून दिलं. जुन्या पद्धतीचा कपड्यांचा लाकडी चिमटा एकाच लाकडाचा असतो. वर गोल गाठ, खाली चिरून केलेले दोन पाय. गाठ म्हणजे डोकं, पाय म्हणजे पाय. कपडे काय ते घालायचे.

केस स्वेटर उसवून काढले. त्या काळी लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, ताणून, पुन्हा विणायचे. शेवटी हातभर लांबीचे काही तुकडे उरायचे, ज्यांना गाठी मारत बसणं परवडायचं नाही. बाहुलीचे केस त्या तुकड्यांतून यायचे. उसवलेल्या लोकरीला विणीचे वळसे राहतात, त्यामुळे बाहुलीला आपोआप कुरळे केस मिळतात. मैत्रिणीनं ते मुद्दाम सरळ केले नाहीत, बरं केलं.

कापडाच्या लहानात लहान तुकड्यालाही किती मोल होतं याचा दाखला लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपानी कैदेत असलेल्या गर्ल गाइड (मुलींच्या स्काउटसारख्या पथकातल्या) मुलींनी १९४३ मध्ये गोधडी शिवली, षटकोनी तुकड्यांची. त्यांना जमवणाऱ्या बाईंना वाढदिवसाची भेट म्हणून, चोरून. त्यातल्या काही मुली आठ-नऊ वर्षांच्या होत्या. हे खेळणं नव्हे, पण बाहुलीच्या कार्डावर त्याचा उल्लेख करणार. चिंधीला सुई लावणारे हात त्याच वयाचे होते.

६ एप्रिल

काय पुन्हा करायचं नाही, हे आज ठरवलं.

नाझींनी ज्यूंना जिथे कोंडलं होतं त्या तेरेझीनच्या घेट्टोत हाताने काढलेला मोनोपॉलीचा, म्हणजे व्यापारासारख्या खेळाचा, एक पट टिकून राहिला आहे. त्याच्या घरांमध्ये घेट्टोतल्याच इमारती आहेत. मुलं तो खेळली. त्याच घेट्टोत फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी मुलांना चित्रकला शिकवली. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे राहिली. ती काढणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं मारली गेली, फ्रीडलही. या पटाची नक्कल करून मुलांना खेळायला द्यावी, अशी सूचना आली होती. मला ते मान्य नाही. रिळाचा रणगाडा हजारो घरांत झाला, तो कुणाचाही होऊ शकतो. तो पट त्याच मुलांचा आहे. पेटीत त्याच्याबद्दल कार्ड राहील, वस्तू नाही.

बोस्नियातल्या सारायेव्होच्या संग्रहालयाचं कामही या निर्णयामागे आहे. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, जवळजवळ चार वर्षं त्या शहराला वेढा होता. यास्मिन्को हालिलोविच वेढ्यात वाढले. त्यांनी आधी आपल्या पिढीकडून युद्धातल्या बालपणाच्या अगदी छोट्या, एक-दोन वाक्यांच्या आठवणी मागवल्या, मग वस्तू. त्यातून जानेवारी २०१७ मध्ये युद्धातल्या बालपणाचं संग्रहालय उघडलं. पुढच्या वर्षी त्याला कौन्सिल ऑफ युरोपचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. तिथे प्रत्येक वस्तूसोबत ती देणाऱ्याचे शब्द असतात आणि वस्तू त्या माणसापासून सुटत नाही. माझ्या पेटीतल्या वस्तूंना असा एक मालक नाही. म्हणूनच त्या हाताळायला देता येतात.

२२ एप्रिल

कोंबड्या. आतापर्यंतचं सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत आवडतं काम.

फळीच्या मुठीवर गोल तबक, तबकाच्या कडेनं लाकडी कोंबड्या. प्रत्येक कोंबडीची मान वेगळी, पोटात आडव्या खिळ्यावर झुलणारी. मानेला खिळ्याच्या पुढे दोरा, तबकातल्या भोकातून खाली, सगळे दोरे एका वजनाला बांधलेले. तबक हलवलं की वजन गोल फिरतं, दोरे एकामागून एक ताणतात आणि कोंबड्या टक-टक दाणे टिपतात.

सगळी करामत दोऱ्यांच्या लांबीत आहे. एक जरी दोरा सैल राहिला तरी ती कोंबडी उपाशी बसते. सगळे दोरे सारखे करायला मापपट्टी उपयोगाची नाही. आधी तबक आडवं धरून सगळ्या माना वर करायच्या, चिमट्यांनी तशाच धरायच्या, मग वजन लोंबतं ठेवून एकत्र गाठ मारायची. मान फार जड झाली तर दोरा ढिला पडूनही ती वर येत नाही. म्हणून चोचीकडचं लाकूड तासून हलकं केलं आणि तोल खिळ्यामागे नेला. खोक्याचं देवदार चांगलं, तासताना चिरत नाही.

ब्रिटनमधल्या जर्मन युद्धकैद्यांनी अशा कोंबड्या मोठ्या संख्येनं केल्या. युद्ध संपल्यावरही त्यांतले कित्येक जण १९४८ पर्यंत तिथेच शेतांवर, रस्त्यांवर कामाला होते. खोक्यांची लाकडं, उरलेला रंग, चाकू, एवढ्यावर खेळणी करून ती आसपासच्या मुलांना द्यायची, किंवा बदल्यात काहीतरी घ्यायचं. डिसेंबर १९४६ मध्ये कैद्यांना नाताळासाठी ब्रिटिश घरांत जायची परवानगी मिळाली. अशा घरात मुलासाठी हातात काहीतरी घेऊन जाणारा माणूस बहुधा स्वतःच्या मुलांपासून वर्षानुवर्षं लांब होता. माना तासत बसले होते तेव्हा सारखं तेच मनात होतं.

इथे कार्डाचा प्रश्न वेगळा पडतो. लाकूड गेलं असतं चुलीत. पण या खेळण्यातली मुख्य वस्तू म्हणजे कैद्याच्या संध्याकाळी. त्यांवर कुणाचाच हक्क नव्हता. कार्डावर दोन्ही लिहिलं.

४ मे

रणगाड्याचं नाव बदलावं का, यावर बराच वाद झाला. ‘चढणारं रीळ’ म्हणा, मुलांच्या हातात युद्ध कशाला, असं एकीचं म्हणणं. तिची कळकळ खरी आहे. तरी मी नाव ठेवलं.

युद्धातली मुलं युद्धच खेळत होती. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ लंडनवर बॉम्ब पडत असताना सकाळी रस्त्यावर बॉम्बगोळ्यांचे धारदार तुकडे गोळा करणं हा मुलांचा छंद होता. त्यांची अदलाबदल चालायची, गरम सापडलेल्या तुकड्याला भाव जास्त. त्याच लंडनमध्ये अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेडला मुलांसाठी पाळणाघरं चालवली आणि रोज नोंदी ठेवल्या. मुलं हल्ल्याचा खेळ पुन्हा पुन्हा खेळायची. दोघींना आणखी एक दिसलं : बॉम्बपेक्षा आईपासून दूर राहण्याचा घाव मुलांना जास्त खोल होता.

हे लपवून पेटी गोड केली, तर पेटी खोटी होईल. टंचाईनं मुलांना कल्पक केलं, बरंच झालं, असं म्हणायची माझी तयारी नाही. मुलं कल्पक असतातच. टंचाईनं त्यांच्याकडून बाकीचं बरंच काही घेतलं.

लोखंडी तुकडे मात्र पेटीत नाहीत. न फुटलेले बॉम्ब हाताळून मुलं आजही जखमी होतात, मरतात. सापडलेला अनोळखी धातू उचलायचा नाही, हे झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक लिहून घेतलं आहे.

१२ मे

पेटीत एक खण मोकळा राहतो आहे. काय ठेवावं ते कोपनहेगननं सुचवलं.

१९४३ मध्ये, डेन्मार्क जर्मन ताब्यात असताना, कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुपला भंगाराचं क्रीडांगण सुरू झालं. कल्पना कार्ल थिओडोर सोरेनसेन यांची. ते उद्यानं आखणारे वास्तुकार होते आणि मुलं आखीव बागांपेक्षा बांधकामाच्या जागांवर जास्त रमतात हे त्यांनी पाहिलं होतं. जॉन बेर्टेलसेन तिथले पहिले संचालक. मुलांना फळ्या, विटा, चाकं, हातोड्या दिल्या आणि काय बांधायचं ते सांगितलं नाही. १९४६ मध्ये मुलांच्या हितासाठी झटणाऱ्या ब्रिटिश लेडी अ‍ॅलन यांनी ते पाहिलं, आणि बॉम्बनं मोकळ्या झालेल्या जागांवर अशी मैदानं करा म्हणून ब्रिटनमध्ये चळवळ उभी केली.

तर तो खण भंगाराचा. रिळं, बटणं, मेणबत्तीची बुडखी, लोकरीचे तुकडे, ट्यूबचे काप, आगकाड्या (गुल काढून), सुतळी. सूचना नाहीत. खण भरायची जबाबदारी त्या-त्या वाचनालयातल्या मुलांची.

२० मे

पहिल्यांदा पेटी मुलांपुढे उघडली. कोंबड्यांवर झुंबड उडाली, मग भिंगऱ्या, मग रणगाड्यांची शर्यत. हळू चालवण्याची शर्यत, ही त्यांचीच कल्पना. शेवटचा येईल तो जिंकला.

एका मुलीनं चकतीचं कार्ड वाचलं आणि नवी चकती मुद्दाम पातळ कापली, उजेड वाचावा म्हणून. ताण दिल्यावर ती चिरली. तुकडे हातात घेऊन ती विचार करत बसली, मग तेच तुकडे कोमट पाण्यात मऊ करून, दाबून, एकच जाड चकती केली. काडीची खाच थोडी वाकडी झाली, पण रणगाडा चालला. ही रीत दुरुस्तीच्या कागदावर घातली आहे.

दोन मुलांनी बटणाऐवजी पुठ्ठ्याची चकती वापरून भिंगरी केली आणि तिच्यावर रंगांचे पट्टे काढले. फिरताना रंग मिसळून करडा होतो हे त्यांना खेळता खेळता सापडलं.

२७ मे

दुरुस्तीचा कागद पूर्ण. कोंबड्यांचे दोरे दर काही महिन्यांनी ताणून घ्यावे लागतील. लॅटेक्सची कडी उन्हात ठिसूळ होतात, म्हणून ती काळ्या कापडात गुंडाळून ठेवायची. चिंध्यांचा चेंडू धुऊ नये, उन्हात ठेवावा.

पुढचं काम पत्र्याची जीप. १९४५ च्या अखेरीस जपानमध्ये मात्सुझो कोसुगे यांनी अमेरिकन सैनिकांनी टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यातून छोटी जीप केली. ती क्योतोच्या दुकानात विकायला आली आणि तिथून जपानी पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला. माझ्याकडे डबे आहेत, कात्री आहे, आकार कागदावर उतरवला आहे. अडचण कडांची. कापलेला पत्रा मुलाच्या बोटाला लागता कामा नये. कड दोनदा आत दुमडून हातोडीनं बसवायची म्हटलं, तर जीपचे कोपरे जाड होऊन चाकांना अडतात. एका पत्रेवाल्या कारागिराकडे सोमवारी जाणार आहे. कोपरा आधी तिरका छाटून मग दुमडावा, असं तो फोनवर म्हणाला. ते जमल्याखेरीज जीप पेटीत जाणार नाही.